घटक ४ : वॉल्ट डिस्ने – रेषेला वाचा देणारा कलावंत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
● वॉल्ट डिस्ने यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
● बोलक्या कार्टूनपटाच्या जडणघडणीत त्यांचा नेमका वाटा कोणता, हे स्पष्ट करता येईल.
● चित्रातील पात्र बोलते कसे, याची प्रक्रिया मराठी वर्णविचाराच्या आधारे समजावून घेता येईल.
● चरित्रनायकाचे गुण आणि मर्यादा यांचा एकत्रित विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे आपण यापूर्वी पाहिली आहेत. जन्म, शिक्षण, कार्य आणि मृत्यू अशी नोंदवही लिहिल्याने चरित्र सिद्ध होत नाही. त्या व्यक्तीच्या आयुष्यातून तिच्या कार्याचा उलगडा व्हावा लागतो, हेही आपण लक्षात घेतले आहे. या घटकात आपण वॉल्ट डिस्ने यांचे संक्षिप्त चरित्र अभ्यासणार आहोत.

मराठीच्या अभ्यासक्रमात या अमेरिकन चित्रपटकाराचा विचार कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक कारण असे, की चित्राला हालते करण्याचे कुतूहल आपल्याकडेही फार लवकर जागे झाले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये रोपाच्या वाढीची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेऊन 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना पडद्यावर खेळवले. मात्र ते सारे मुके होते. हालणाऱ्या चित्राच्या तोंडी बोल घालण्याचा प्रश्न पुढच्या दशकात उभा राहिला. तो सोडवणाऱ्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेली व्यक्ती म्हणजे डिस्ने. दुसरे कारण भाषेच्या अभ्यासाशी निगडित आहे. बोलणारे चित्र काढू पाहणाऱ्याला उच्चार, लय आणि आघात यांचा बारकाईने विचार करावा लागतो. हा विचार आपल्या व्याकरणात वर्णांच्या स्थानांच्या रूपाने आपण पूर्वीपासून करत आलो आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण आणि जडणघडण

वॉल्टर इलायस डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. वडील इलायस हे कष्टाळू, कडक शिस्तीचे आणि एका व्यवसायात फार काळ न रमलेले गृहस्थ होते. आईचे नाव फ्लोरा. चार भावांत वॉल्ट सर्वांत धाकटे. त्यांच्यानंतर एक बहीण. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसूरी राज्यातील मार्सलीन या लहानशा गावी शेती करण्यासाठी आले. तेथील कोंबड्या, डुकरे, घोडे आणि गावाजवळून जाणारी आगगाडी यांचा ठसा या मुलाच्या मनावर कायमचा उमटला. शेजारच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी आपल्या घोड्याचे चित्र काढून घेतले आणि त्याबद्दल त्याला बक्षीस दिले, ही आठवण ते पुढे आवर्जून सांगत.

शेती फायद्याची ठरली नाही. १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटी या शहरात आले. वडिलांनी वृत्तपत्रे घरोघर टाकण्याचे काम घेतले आणि ते मुलांवर सोपवले. पहाटे अंधारात उठून, हिवाळ्यात बर्फ तुडवत वॉल्ट वृत्तपत्रे टाकत आणि त्यानंतर शाळेत जात. वर्गात डुलक्या लागणे अटळ होते. पुढे कुटुंब पुन्हा शिकागोला आले. तेथे दिवसा शाळा आणि रात्री कलाशाळेतील वर्ग, असे त्यांचे शिक्षण काही काळ चालले. १९१८ मध्ये, वय पुरेसे नसतानाही जन्मवर्ष बदलून, ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका पथकात दाखल झाले. फ्रान्सला पोहोचले तोवर महायुद्ध संपले होते. १९१९ मध्ये ते परतले ते चित्रकार होण्याचा निश्चय करूनच. शालेय शिक्षण मात्र अपूर्णच राहिले.

नोकरी सांभाळून, रात्री जागून शिक्षण घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना डिस्ने यांच्या आयुष्यातील पुढचा प्रसंग जवळचा वाटेल. कॅन्सस सिटीमध्ये जाहिरातपट तयार करणाऱ्या एका कंपनीत ते नोकरीस लागले. तेथे कागदी आकृत्यांचे हातपाय सुटे कापून, ते थोडे थोडे सरकवून छायाचित्रे घेत. ही पद्धत ओबडधोबड आहे असे त्यांना वाटू लागले. त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयातून एडविन लुट्झ यांचे कार्टूनपटांच्या तंत्रावरील पुस्तक मिळवले, त्याचा कसून अभ्यास केला आणि उसना कॅमेरा घेऊन रात्री गॅरेजमध्ये प्रयोग सुरू केले. या कलेचे शिक्षण देणारी शाळा तेव्हा त्यांच्या आवाक्यात नव्हती. ग्रंथालयाचे पुस्तक आणि दिवसाच्या नोकरीनंतर उरलेला वेळ यांवरच त्यांचा पाया घातला गेला.

४.२.२ अपयश आणि हॉलिवूड

या काळात त्यांना अब आयवर्क्स हा समवयस्क चित्रकार मित्र भेटला. आयवर्क्स यांचा हात विलक्षण जलद आणि सफाईदार होता. डिस्ने यांच्याकडे कल्पकता, बोलण्याची मोहिनी आणि धोका पत्करण्याची वृत्ती होती. दोघांनी १९२० मध्ये काढलेली छोटी कंपनी जेमतेम महिनाभर टिकली. १९२२ मध्ये डिस्ने यांनी 'लाफ-ओ-ग्रॅम' ही चित्रसंस्था स्थापन केली. तिचे दिवाळे १९२३ मध्ये निघाले. तेव्हा आपला कॅमेरा विकून त्यांनी रेल्वेभाड्याची सोय केली आणि एक अपुरी चित्रफीत घेऊन कॅलिफोर्निया गाठले. थोरले बंधू रॉय तेथे क्षयावर उपचार घेत होते. १६ ऑक्टोबर १९२३ रोजी एका वितरकसंस्थेशी करार झाला आणि दोघा भावांनी स्टुडिओ सुरू केला. वॉल्ट यांनी चित्रपटाचा आणि रॉय यांनी हिशेबाचा भार उचलला. ही विभागणी आयुष्यभर टिकली. थोड्याच काळात आयवर्क्सही तेथे येऊन मिळाले. १९२५ मध्ये स्टुडिओतच काम करणाऱ्या लिलियन बाउंड्स यांच्याशी डिस्ने यांचा विवाह झाला.

४.२.३ हातातून गेलेला ससा

१९२७ मध्ये या स्टुडिओने 'ऑस्वाल्ड' नावाचा ससा निर्माण केला. तो लोकप्रिय झाला. १९२८ च्या आरंभी डिस्ने वाढीव मोबदला मागण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, तेव्हा वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी उलट मोबदल्यात कपात सुचवली. इतकेच नव्हे, तर डिस्ने यांच्या बहुतेक चित्रकारांशी त्यांनी परस्पर करार केले होते. करारातील कलमांनुसार ऑस्वाल्डवर डिस्ने यांचा कोणताही हक्क नव्हता. आपल्याच स्टुडिओत जन्मलेले पात्र एका भेटीत परके झाले.

हा आघात डिस्ने कधीच विसरले नाहीत. आपण निर्माण केलेल्या पात्राची मालकी पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, हा धडा त्यांनी घेतला. त्यांच्या पुढील साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी हा धडा आहे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे एका वेगळ्या संदर्भात तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

परतीच्या आगगाडीतील प्रवासात मिकी माउस सुचला, अशी कथा प्रसिद्ध आहे. डिस्ने यांनी ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या प्रकारे सांगितली, म्हणून चरित्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहावे. निश्चित आहे ते एवढेच, की मिंट्झ यांच्या आमिषाला बळी न पडलेल्या आयवर्क्स यांनी, सोडून जाणाऱ्या सहकाऱ्यांपासून लपवून, मिकीचा पहिला चित्रपट 'प्लेन क्रेझी' जवळजवळ एकट्याने रेखाटला. पण तो मूकपट होता, आणि त्यासाठी वितरक मिळेना.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) डिस्ने यांनी कार्टूनपटाचे तंत्र प्रथम कशाच्या आधारे आत्मसात केले?
आ) ऑस्वाल्ड हे पात्र डिस्ने यांना का गमवावे लागले?
इ) 'प्लेन क्रेझी' या चित्रपटाचे रेखाटन प्रामुख्याने कोणी केले?

४.२.४ ध्वनी आणि चित्र यांचा मेळ

ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि बोलपटाचे युग जवळ आल्याची चाहूल लागली. डिस्ने यांनी मिकीचा तिसरा चित्रपट 'स्टीमबोट विली' ध्वनीसह करण्याचे ठरवले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ध्वनी असलेला हा पहिला कार्टूनपट नव्हे. न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंनी १९२४ पासूनच ध्वनियुक्त गीतपट काढले होते; १९२६ मधील त्यांच्या एका गीतपटात चित्रातील कुत्रा ओठांच्या हालचालींसह एक वाक्य बोलतो. पॉल टेरी यांचा 'डिनर टाइम' हाही ध्वनिपट 'स्टीमबोट विली'च्या थोडा आधी लोकांपुढे आला. डिस्ने यांचे वैशिष्ट्य वेगळ्या ठिकाणी आहे. तयार चित्राला मागाहून आवाज जोडायचा की आवाजाच्या मापाने चित्रच काढायचे, या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्यांनी निवडले आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही.

हे माप समजून घेऊ. ध्वनिपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. संगीतातील एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर ती १२ चौकटींची होते. डिस्ने यांचे तरुण सहकारी विल्फ्रेड जॅक्सन यांची आई संगीतशिक्षिका होती. लय धरण्यासाठी ठोके देणारे मेट्रोनोम हे यंत्र त्यांनी आणले आणि ठोक्यांचे चौकटींत रूपांतर कसे करता येईल, ते दाखवले. मग प्रत्येक प्रसंगाचा तक्ता तयार झाला. कोणत्या मात्रेला मिकीचा पाय खाली यायचा आणि कोणत्या मात्रेला भांडे वाजायचे, हे चित्र काढण्यापूर्वीच ठरले. तबल्याच्या ठेक्यावर पाऊल टाकणाऱ्या नर्तकाची कल्पना करा. येथे नर्तकाच्या जागी रेषा होती आणि ती ठेक्यावरच जन्माला येत होती.

पुरेसा भाग तयार झाल्यावर १९२८ च्या उन्हाळ्यात एका रात्री स्टुडिओत प्रयोग झाला. यंत्राचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून रॉय यांनी बाहेर उभे राहून खिडकीतून चित्र पडद्यावर टाकले. जॅक्सन यांनी माउथ ऑर्गन वाजवला, आयवर्क्स आणि इतरांनी भांडी व फळ्या बडवल्या, डिस्ने यांनी तोंडाने आवाज काढले. समोर प्रेक्षक म्हणून बायका बसल्या होत्या. तो प्रयोग कच्चा होता, पण रेषेतून आवाज निघत असल्याचा भास झाला, आणि तेवढा भास पुरेसा होता.

खरे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाले. वाद्यवृंद मोठा होता, संचालक अनुभवी होते, तरीही पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला. वाद्ये आपल्या गतीने आणि चित्र आपल्या गतीने चालले. पैसे संपत आले होते. डिस्ने यांनी रॉय यांना कळवून आपली मोटारगाडी विकली. दुसऱ्या वेळी चित्रफितीवरच वरखाली उसळणाऱ्या चेंडूची खूण उमटवून घेतली, म्हणजे संचालकाला लय डोळ्यांनी दिसू लागली. या वेळी मेळ जमला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये 'स्टीमबोट विली' प्रदर्शित झाला आणि अल्पावधीतच मिकी सर्वतोमुखी झाला.

या चित्रपटात मिकी शीळ घालतो, हसतो, किंचाळतो. पण तो बोलत नाही. जहाजावरचा पोपट तेवढा बोलतो, आणि त्याचा आवाज डिस्ने यांचाच आहे. मिकीच्या तोंडी स्पष्ट शब्द आले ते १९२९ मधील 'द कार्निव्हल किड' या चित्रपटात. त्यात तो जत्रेतील खाद्यविक्रेता आहे. पुढे १९४६ च्या सुमारापर्यंत मिकीचा तो उंच, काहीसा बुजरा स्वर प्रामुख्याने डिस्ने यांनीच दिला. वाढत्या व्यापामुळे तो भार नंतर जिमी मॅकडोनाल्ड यांच्याकडे गेला.

४.२.५ पात्र बोलते कसे?

आता या कलेची प्रक्रिया थोडी खोलात जाऊन पाहू. बोलक्या प्रसंगात संवाद आधी मुद्रित केला जातो आणि चित्र त्यानंतर काढले जाते. मुद्रित आवाज पुनःपुन्हा ऐकून, प्रत्येक वर्ण कोणत्या चौकटीत सुरू होतो आणि कोणत्या चौकटीत संपतो, याची नोंद एका उभ्या तक्त्यात करतात. दहा सेकंदांच्या प्रसंगासाठी या तक्त्यात २४० ओळी असतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी एका पात्रासाठी सुमारे १२० चित्रे काढावी लागतात.

ओठांची चित्रे कशी ठरतात? येथे आपला वर्णविचार उपयोगी पडतो. वर्णांची कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी वर्गवारी आपण केली आहे. चित्रकाराला यांपैकी केवळ डोळ्यांना दिसणारी स्थाने हवी असतात. 'मामा' आणि 'काका' हे दोन शब्द आरशासमोर उच्चारून पाहा. 'मामा' म्हणताना ओठ दोनदा मिटतात आणि दोनदा उघडतात. 'काका' म्हणताना ते एकदाही मिटत नाहीत. क या वर्णाचा उच्चार आत, कंठाकडे होतो, बाहेर केवळ जबड्याची हालचाल दिसते. समजा, 'मामा' हा शब्द अर्ध्या सेकंदात उच्चारला गेला. त्याच्या १२ चौकटींपैकी दोन मिटलेल्या ओठांच्या, चार उघड्या, पुन्हा दोन मिटलेल्या आणि चार उघड्या अशी विभागणी करता येईल. 'काका' या शब्दावर चुकून मिटलेले ओठ काढले, तर चूक कोठे झाली हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण पात्र खोटे बोलते आहे असे त्याला वाटेल.

यावरून काही नियम निघतात. प, फ, ब, भ, म या वर्णांसाठी ओठ मिटलेच पाहिजेत, आणि ती अवस्था निदान दोन चौकटी टिकली पाहिजे. अन्यथा डोळा ती टिपत नाही. ई या स्वराला ओठ पसरतात, ऊ आणि ओ या स्वरांना गोल होतात, आ या स्वराला जबडा खाली येतो. व या वर्णाला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. उरलेल्या बहुतेक व्यंजनांसाठी किंचित उघडे तोंड चालते. आठ-दहा मुखाकृतींत सर्व भाषण सामावते. चित्र आवाजापेक्षा एखादी चौकट आधी आले तरी चालते, मागाहून आले तर खटकते.

तथापि केवळ ओठ जुळले म्हणजे पात्र बोलले, असे होत नाही. आपण बोलतो तेव्हा आघाताच्या शब्दावर भुवया उंचावतात, मान झुकते, हात पुढे येतो. कित्येकदा शब्द फुटण्याआधीच शरीर बोलून गेलेले असते. म्हणून कुशल चित्रकार वाक्यातील कळीचा शब्द प्रथम शोधतो, त्यासाठी शरीराची ढब ठरवतो आणि ओठांकडे सर्वांत शेवटी वळतो. हे शिक्षण आपल्या चित्रकारांना मिळावे म्हणून डिस्ने यांनी १९३२ पासून डॉन ग्रॅहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली स्टुडिओत रेखाटनाचे वर्ग सुरू केले. ज्यांनी स्वतः औपचारिक शिक्षण पूर्ण केले नव्हते, त्यांनी इतरांच्या शिक्षणाची सोय केली, ही बाब लक्षणीय आहे.

४.२.६ आवाजातून स्वभावाकडे

१९३३ मधील 'थ्री लिटल पिग्ज' या लघुपटातील तीन भावंडे दिसण्यात जवळपास सारखीच आहेत. ती वेगळी ओळखू येतात ती चालण्या-बोलण्यातील ढबीमुळे. १९३४ मध्ये डोनाल्ड डक अवतरला. प्राण्यांच्या आवाजांच्या नकला करणारे क्लॅरेन्स नॅश यांचा आवाज त्याला लाभला. डोनाल्डचे अनेक शब्द कळतही नाहीत, पण त्याचा संताप मात्र सर्वांना कळतो. शब्दाचा अर्थ आणि स्वराचा भाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे भाषाशास्त्रातील तत्त्व येथे एका बदकाने सिद्ध केले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३४ मधील एका संध्याकाळी डिस्ने यांनी सहकाऱ्यांना एकत्र बसवून हिमगौरीची संपूर्ण कथा साभिनय सांगितली. राणी, राजकन्या, बुटके अशा सर्व भूमिका त्यांनी एकट्याने वठवल्या. आपल्याकडील कीर्तनकार एकाच उपरण्यावर साऱ्या आख्यानातील पात्रे उभी करतो, तसाच हा प्रकार होता. त्या काळापर्यंत डिस्ने यांनी स्वतः चित्रे काढणे सोडून कित्येक वर्षे झाली होती. त्यांचे साधन आता पेन्सिल नव्हते. आवाज आणि अभिनय हे होते. आपल्या अभिनयातून ते शेकडो हातांकडून चित्रे काढवून घेत.

'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा ८३ मिनिटांचा चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रदर्शित झाला. एवढा लांब कार्टूनपट कोणी पाहणार नाही, असे भाकीत अनेकांनी केले होते. खर्च सुमारे १५ लाख डॉलर झाला, बँकेचे मोठे कर्ज डोक्यावर होते. भाकीत खोटे ठरले. यातील एक कलात्मक निर्णय आपण विशेष लक्षात घ्यावा. सात बुटक्यांपैकी डोपी हा धाकटा बुटका एक शब्दही बोलत नाही, आणि तरीही तो प्रेक्षकांचा सर्वाधिक लाडका ठरला. पात्राला वाचा देण्याचे तंत्र हाती आल्यावर कोणाला मौन द्यावे, याचीही जाण या स्टुडिओला आली होती.

४.२.७ संप : न ऐकलेले आवाज

चरित्रनायकाविषयी आदर असला तरी त्याच्या उणिवा झाकणे चरित्रकाराला शोभत नाही. आयवर्क्स १९३० मध्येच वेगळे झाले होते. आपल्या श्रमांच्या मानाने श्रेय मिळत नाही, ही खंत त्यामागे होती. पुढे १९४० मध्ये ते स्टुडिओत परतले आणि तांत्रिक संशोधनात रमले. पण श्रेयाचा प्रश्न एकट्या आयवर्क्स यांचा नव्हता. चित्रे काढणारे, सेल्युलॉइडवर ती शाईने गिरवणारे आणि रंगवणारे कर्मचारी शेकड्यांनी होते. गिरवणे व रंगवणे ही कामे मुख्यतः स्त्रिया करत. त्यांतील बहुतेकांची नावे पडद्यावर येत नसत. वेतनांत मोठी तफावत होती. युरोपात युद्ध पेटल्याने तेथील बाजारपेठ बंद झाली, 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' या १९४० मधील महागड्या चित्रपटांचा खर्च निघाला नाही आणि नोकऱ्याही धोक्यात आल्या.

कर्मचाऱ्यांनी संघटनेची मान्यता मागितली. डिस्ने यांना ही मागणी म्हणजे कुटुंबातील कृतघ्नता वाटली. संघटनेचे अग्रणी आणि स्टुडिओतील नामांकित चित्रकार आर्ट बॅबिट यांना कामावरून कमी करण्यात आले. २९ मे १९४१ रोजी संप सुरू झाला. तो उन्हाळाभर चालला. अखेर शासकीय मध्यस्थीने संघटनेला मान्यता मिळाली. डिस्ने त्या वेळी दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. अनेक गुणी कलावंत पुढे स्टुडिओ सोडून गेले. त्यांपैकी काहींनी स्थापन केलेल्या यूपीए या संस्थेने कार्टूनपटाला अगदी वेगळी, आधुनिक चित्रशैली दिली. डिस्ने यांच्या मनातील कटुता मात्र गेली नाही. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी या संपाचे खापर साम्यवाद्यांवर फोडले आणि काही माजी सहकाऱ्यांची नावेही घेतली.

येथे ऑस्वाल्डचा प्रसंग आठवा. आपण घडवलेले पात्र कागदावरील एका कलमाने परके होते, तेव्हा काय वाटते, हे डिस्ने यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही त्यांच्या स्टुडिओत हजारो चित्रे काढणाऱ्यांची कृती एका नावाखाली जात राहिली. एका उंदराला आवाज देण्यासाठी ज्यांनी मोटार विकली, त्यांना आपल्या आवारातील माणसांचे आवाज वेळेवर ऐकू आले नाहीत. ही विसंगती त्यांच्या कर्तृत्वाला पुसून टाकत नाही, पण तिच्याशिवाय त्यांचे चरित्र अपुरे राहते.

४.२.८ उत्तरायुष्य

युद्धोत्तर काळात डिस्ने यांचे लक्ष इतरत्र वळले. निसर्गविषयक माहितीपट, दूरचित्रवाणी आणि १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले 'डिस्नेलँड' हे त्यांतील प्रमुख टप्पे होत. १९६४ मधील 'मेरी पॉपिन्स' मध्ये जिवंत नट आणि रेखाटलेली पात्रे एकाच पडद्यावर आली. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६५ होते.

त्यांच्या स्टुडिओतील विद्येचा एक धागा मुंबईपर्यंत आला आहे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनपट विभाग उभा राहत असताना, १९५६ मध्ये, डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षक म्हणून मुंबईत आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या राम मोहन यांनी पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनमध्ये मोलाची भर घातली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य पर्याय निवडा.
अ) ध्वनिपटाची फीत सेकंदाला (१६ / २४ / ३६) चौकटी या वेगाने धावते.
आ) (काका / मामा / आजी) या शब्दाच्या उच्चारात ओठ दोनदा मिटतात.
इ) 'स्नो व्हाइट' मधील (डोपी / मिकी / डोनाल्ड) हे पात्र बोलत नाही.

४.३ सारांश

वॉल्ट डिस्ने यांनी ग्रंथालयातील पुस्तक आणि रात्रीचे प्रयोग यांच्या बळावर कार्टूनपटाचे तंत्र आत्मसात केले. ऑस्वाल्ड हे पात्र गमावल्यानंतर, आयवर्क्स यांच्या साहाय्याने, त्यांनी मिकी माउस निर्माण केला आणि आवाजाच्या मापाने चित्र काढण्याची पद्धत रूढ केली. प्रथम आवाज, मग शरीराची ढब आणि शेवटी ओठ हा बोलक्या प्रसंगाच्या रचनेचा क्रम आहे. १९४१ च्या संपाने त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची दुसरी बाजू उघड केली. चरित्राचा अभ्यास करताना या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

४.४ पारिभाषिक शब्द

चौकट : चित्रफितीवरील एक सुटे चित्र.
मेट्रोनोम : ठरावीक गतीने ठोके देऊन लय दाखवणारे यंत्र.
सेल्युलॉइड : ज्यावर पात्राचे चित्र गिरवून रंगवले जाई असा पारदर्शक पत्रा.
मुखाकृती : विशिष्ट वर्णाच्या उच्चारावेळी दिसणारा तोंडाचा आकार.
ढब : पात्राची उभे राहण्याची, चालण्या-बोलण्याची लकब.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) ग्रंथालयातून मिळवलेल्या लुट्झ यांच्या पुस्तकाच्या आणि स्वतः केलेल्या प्रयोगांच्या आधारे. आ) करारानुसार त्या पात्रावर डिस्ने यांचा कोणताही हक्क नव्हता म्हणून. इ) अब आयवर्क्स यांनी.
प्रश्न २ : अ) २४ आ) मामा इ) डोपी

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) 'स्टीमबोट विली' हा ध्वनियुक्त पहिला कार्टूनपट नसतानाही महत्त्वाचा का ठरला, ते स्पष्ट करा.
२) ऑस्वाल्डचा प्रसंग आणि १९४१ चा संप यांची तुलना करून डिस्ने यांच्या व्यक्तिमत्त्वावर भाष्य करा.
३) बोलक्या पात्राच्या रेखाटनात ओष्ठ्य वर्णांना विशेष महत्त्व का असते, ते सोदाहरण लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे सहज बोललेले एक वाक्य, त्यांच्या संमतीने, भ्रमणध्वनीवर मुद्रित करा. ते वाक्य अनेकदा ऐकून त्यातील वर्ण, आघात आणि विराम यांचा तक्ता तयार करा. त्यानंतर वहीच्या कोपऱ्यांवर, पानागणिक एक, अशी १२ लहान चित्रे काढून त्यांतील एक शब्द पाने भराभर उलटून बोलता करा. ज्यांचा आवाज घेतला त्यांचे नाव पहिल्या पानावर लिहावयास विसरू नका.